डावीकडचं पातेलं

टप्!

नळाचा एक थेंब रिकाम्या पातेल्यात पडला आणि मी श्वास रोखला. बाळ नुकतंच झोपलं होतं. हललं नाही. म्हणजे माझ्या हातात चाळीस मिनिटं!

या चाळीस मिनिटांत मी घरात तह घडवून आणणार होते! भांडण होतं माझी पाच वर्षांची लेक चिमी आणि तिचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, यांच्यात. चार दिवसांपूर्वी आजोबांच्या ताटातल्या तंगडीकडे बोट दाखवून चिमीनं विचारलं, "हे कोण होतं?"

आजोबा पडले खरं बोलणारे. "कोंबडी," म्हणाले.

झालं! तेव्हापासून ती त्यांच्याशेजारी जेवायला बसत नाही. ते "मला काय त्याचं!" म्हणतात, आणि तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत निम्मं ताट तसंच ठेवतात.

म्हणून आजचा बेत, सेटान! कणकेचा गोळा पाण्यात चोळचोळ चोळायचा. पांढरं पाणी सुटतं आणि हातात उरतो रबरी चपलेसारखा चिवट गोळा. तो वाफवून काप करायचे, तव्यावर खरपूस परतायचे, वर दूध-लसूण-मिऱ्यांचा दाट पांढरा रस. दाताखाली मटण, पोटात गहू! आज दोघं शेजारी बसलीच पाहिजेत!

काप परतले, रस उकळायला ठेवला, तेवढ्यात आजोबा आले. त्यांची उभी हयात पुस्तकबांधणीत गेलेली.

"सूनबाई, हे पिठाचं पाणी फेकणार? अगं, याची फक्कड खळ होते!"

"घ्या की बाबा!" मी उदारपणे म्हटलं. इथंच माती खाल्ली.

त्यांनी शेजारच्या शेगडीवर खळ चढवली. "चिमीचं प्राण्यांचं पुस्तक फाटलंय, तेवढं चिकटवतो," पातेल्यात बघत ते पुटपुटले. "बोलत नाही तर नाही."

एवढ्यात बाळानं भोंगा वाजवला! मी धावले, त्याला काखोटीला मारून परत आले, तर दोन सारखी पातेली, दोन्हीत पांढरं, दोन्ही रटरटतंय.

"बाबा, डावीकडचं माझं हं!"

"बरं," म्हणत ते उजवीकडचं घेऊन गेले. खळीला मोठी आच लागते म्हणून मधल्या वेळात आपण पातेल्यांची अदलाबदल केलीय, हे ते स्वतःच साफ विसरले होते!

मी कापांवर रस ओतला. काय चकाकत होता!

जेवायला बसलो. चिमी दूरच्या टोकाला, मांडीवर नुकतंच चिकटवलेलं पुस्तक. आजोबांनी काप उचलला, तर ताटही उचललं गेलं! हिसका देऊन त्यांनी घास तोंडात टाकला. जबडा मिटला तो मिटलाच.

"म्म्... म्म्म्!"

"आई," चिमी नाक मुरडत म्हणाली, "कोंबडीच्या पानाला लसणाचा वास येतोय!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कीड लागू नये म्हणून बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात! विष!

"बाबा! थुंका! खळीत मोरचूद घातलंत?"

आजोबांनी बोट घालून जबडा सोडवला. "छे गं! संपलंय ते. नुसतं पीठ आणि पाणी." मग ताटाकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं आणि असे हसले की डोळ्यांतून पाणी! ओठ मात्र मधूनमधून चिकटत होते. ते बघून चिमी फुटाण्यासारखी फुटली. हसता हसता तिनं खुर्ची ओढली, ओढली, आणि थेट आजोबांना चिकटवली.

मी बाळाच्या टाळूवर ओठ टेकले. जमलं!

चिमीनं खळीतून एक काप उपसला. "आजोबा, हे कोण होतं?"

"गहू."

"खरं?"

"मी कधी खोटं बोललोय?"

तिनं काप तोंडात टाकला. बराच वेळ चावला. मग चावणं थांबवून माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या मांडीवरच्या बाळाकडे बघितलं.

"आई, पण गव्हाच्या आईला विचारलं होतंस का?"