पेनसिल्व्हेनिया, तालुका झरी जामणी

सदाशिव ऑइल मिलला पन्नास वर्षं पूर्ण झाली, म्हणून आबाजींनी मिलचा संपूर्ण इतिहास सांगितला. त्याला अकरा सेकंद लागले.

"पंच्याहत्तर साली मिल टाकली. सरकी टाकली, तेल निघालं. ढेप निघाली. अजून निघून राह्यली."

रजतने पेनाचं टोपण काढलं होतं. ते त्याने परत लावलं.

"मंग पुढं, आबाजी?"

"पुढं काय? तेल निघालं का पुढं काय असते? तू शिकेल आहेस, लिही दणकून."

रजत हा आबाजींचा, म्हणजे सदाशिवरावांचा, धाकटा नातू. इतिहासात एम.ए., तेही पहिल्या वर्गात, त्यामुळे घरीच असायचा. त्यांच्या दिग्रस गावाला इतिहासाची गरज पन्नास वर्षांतून एकदा पडते आणि ती आत्ता पडली होती. स्मरणिका सोळा पानांची ठरली होती. आठ पानं जाहिरातींत गेली, दोन फोटोंत. उरलेल्या सहा पानांवर त्याला अकरा सेकंद पसरायचे होते.

दोन दिवस त्याने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. मिलच्या आवारात हिंडला. फाटकाजवळ एक हिरवा, गंजका एक्स्पेलर, म्हणजे सरकी पिळून तेल काढायची मशीन, रजतच्या जन्माच्या आधीपासून पडून होता. त्याच्यावर कोंबड्या बसायच्या.

"आबाजी, ही मशीन कोणती?"

"कोणतीच नाही," आबाजी म्हणाले आणि सकाळी साडेनऊला जेवायला निघून गेले.

तिसऱ्या दिवशी रजतने मोबाइलवर तेल उद्योगाचा इतिहास शोधला आणि त्याला अमेरिकेतला रॉकफेलर सापडला. हा गृहस्थ दीडशे वर्षांपूर्वी रॉकेल विकून अफाट श्रीमंत झाला होता आणि त्याच्यावर सहा काय, सहाशे पानं तयार होती. रजतने रॉकफेलर काढला, आबाजी घातले. रॉकेलच्या जागी सरकीचं तेल, रेल्वेच्या जागी ट्रक, लाकडी पिंपांच्या जागी पत्र्याचे डबे. शेवटी कोर्टाने त्या कंपनीचे चौतीस तुकडे केले होते. तेवढं मात्र, घरात तीन काका असल्यामुळे, त्याने गाळलं.

मजकूर त्याने चुलत बहिणीला, समीक्षाला दाखवला.

"अन् हे कोणी वाचलं तं?"

"स्मरणिका कोणी वाचत नाही. लोक आपला फोटो पाह्यतात अन् मंग तिच्यावर चिवडा खातात."

"माह्या साक्षगंधात गडबड झाली ना रजत, तं त्या एक्स्पेलरमधी घालून पिळीन तुले."

"तो बंद आहे."

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मिलच्या समारंभाच्याच दिवशी, त्याच मंडपात होतं. कारण आबाजींच्या मते मंडप टाकून त्यात एकच काम करणं हा मंडपाचा अपमान होता. मुलगा बंटी, पंजाबरावांचा नातू. पंजाबराव म्हणजे आबाजींचे चाळीस वर्षांचे जिवलग. एकेकाळी त्यांचीही गावात ऑइल मिल होती. शहाऐंशी साली ती बसली आणि अमरावतीच्या कोण्या शेठने विकत घेतली. त्या पडत्या काळात आबाजी रोज त्यांच्याकडे भाजीभाकर घेऊन जात. पुढे समीक्षा आणि बंटीने चार वर्षं लपूनछपून भेटून शेवटी घरी सांगितलं, तेव्हा दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. पोरांकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

तर स्मरणिकेचं प्रकाशन व्याह्यांच्या, म्हणजे पंजाबरावांच्या हस्ते झालं. त्यांनी फीत सोडली, स्मरणिका उंच धरली, टाळ्या झाल्या. हे प्रकरण इथेच संपायला हवं होतं. पण गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि मुहूर्ताला अजून बारा मिनिटं असल्याचं जाहीर केलं. बंटी अंगठी घेऊन उभा होता, समीक्षा बोट पुढे करून उभी होती, आणि माइक चालू होता.

"तवरिक वाचून दाखवतो," पंजाबराव म्हणाले आणि त्यांनी चष्मा लावला.

रजतला पहिला धक्का बसला. स्मरणिका वाचणारा माणूस तो आयुष्यात प्रथमच पाहत होता.

"'सदाशिवरावांची दूरदृष्टी अशी,'" पंजाबराव मोठ्या कौतुकाने वाचू लागले, "'की मालवाहतूकदाराशी त्यांनी गुप्त करार केला. स्वतःच्या मालाला अर्धं भाडं, प्रतिस्पर्ध्याच्या मालाला पूर्ण.'"

तिसऱ्या रांगेत उत्तमसिंग राठोड ताडकन उभे राहिले. त्या काळी गावात एकच ट्रक होता आणि तो त्यांचा होता.

"याडी!" बंजारा बोलीत त्यांना आई आठवली. "हे कोणं सांगतलं? तवा ट्रकमधी मी अन् सदाशिवभाऊ दोघंच व्हतो!"

पंजाबरावांचा आवाज खाली आला.

"'प्रतिस्पर्ध्याला तेल भरता येऊ नये म्हणून त्यांनी बाजारातले सगळे डबे आधीच उचलले.'" ते थांबले. "शहाऐंशीचा उन्हाळा. माह्यं तेल टाकीत, अन् पुऱ्या जिल्ह्यात डबा नाही." मग त्यांनी मान वर केली. "सदाशिवराव?"

चाळीस वर्षं ते आबाजींना 'सद्या' म्हणत आले होते. 'सदाशिवराव' ऐकल्याबरोबर समीक्षाचं बोट खाली आलं.

रजत धावत माइकपाशी गेला. "हे आबाजीचं नाही! अमेरिकेतलं आहे, मी उतरवून घेतलं! पान चार पाहा, एका ठिकाणी पेनसिल्व्हेनिया बदलाचं राहून गेलं!"

पंजाबरावांनी पान चार पाहिलं. "'पेनसिल्व्हेनियात त्यांचा दबदबा होता.'"

"व्हता ना," उत्तमसिंग म्हणाले. एकदा खरं बोलायला लागल्यावर त्यांना थांबवत नव्हतं. "मुकुटबनच्या पुढं आहे ते, झरी जामणीकडं. मी सोता माल घेऊन गेलतो."

नातवाने आबाजींसाठी दार सताड उघडून ठेवलं होतं. त्यांनी फक्त मान हलवायची होती. पण बसलेल्या धक्क्यात माणूस दारातून जात नाही, भिंतीवर आदळतो.

"डबे कुठं ठेवलते, तेही लिहिलं का बे?" त्यांनी माइकसमोरच विचारलं.

"नाही, आबाजी."

"मंग ठीक. बेबीच्या माहेरी ठेवलते."

आता बेबीताई, म्हणजे आबाजींच्या पत्नी, उभ्या राहिल्या. "म्हणून माह्या बापानं दोन महिने अंगणात खाट टाकली व्हती? तुमी तं म्हणले, डब्यात दिवाळीचं फराळ ठेवाचं आहे!"

"उन्हाळ्यात?" कोणीतरी मागून विचारलं.

"माणूस हौशी आहे असं वाटलं मले!"

पंजाबरावांनी पान उलटलं. "'अखेर प्रतिस्पर्ध्याची मिल त्यांनी भलत्याच माणसाला पुढे करून गुपचूप विकत घेतली. प्रतिस्पर्ध्याला ते कधीच कळलं नाही.'"

आबाजी खाली बसले. खुर्ची तिथे नव्हती, तरी बसले.

पंजाबरावांनी पुढचं पान उलटलं. त्याच्या पुढचं उलटलं. बोट ओलं करून त्यांनी भराभर सगळ्या जाहिराती पाहिल्या, फोटो पाहिले, मागचं कव्हर पाहिलं, कव्हरची आतली बाजू पाहिली. बंटीने अंगठी खिशात ठेवली. समीक्षाने आधी रजतकडे पाहिलं आणि मग फाटकाकडे, एक्स्पेलरकडे. तो बंद आहे ही गोष्ट तिला आता अडचणीची वाटत नसावी.

पंजाबरावांनी स्मरणिका मिटली. लांब श्वास सोडला.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "पोराईचं काम चालू द्या. सद्या, उठ."

हा धक्का सगळ्यांत मोठा होता. आबाजी हुंदके देऊ लागले. केवढं मन, केवढं मन, असं लोक म्हणू लागले. गुरुजींनी हळूच सांगितलं की मुहूर्त टळून चार मिनिटं झाली. पंजाबराव म्हणाले, "घड्याळ मांगं करा." घड्याळ मागे झालं. अंगठी बोटात गेली.

जेवणं आटोपल्यावर पंजाबरावांनी रजतला दंडाला धरून फाटकापाशी नेलं. एक्स्पेलरवरच्या कोंबड्या हाकलल्या.

"इचं काहून नाही लिहिलं?"

'कोणाचं?' असं रजत विचारणार होता. पण त्या दिवशी तो इतिहासाबद्दल थोडं शिकला होता.

"मले मालूम व्हतं, घेणारा सद्याच आहे. अमरावतीचा शेठ म्हणे! त्याच्या हातातल्या थैलीवर 'सदाशिव ऑइल मिल' छापेल व्हतं." पंजाबरावांनी मशीनच्या दांड्यावरून बोट फिरवलं. "माह्याच मिलची ही मशीन, इच्या शाफ्टाले विकाच्या आधीच तडा गेलता. मी मेण भरलं अन् वरून हिरवा रंग मारला. आठ दिवस चालली म्हणते. अन् सद्याले बोंबलताही येईना, कारण त्यानं तं मिल घेतलीच नव्हती ना!" ते आजूबाजूला पाहून कुजबुजले, "तू सगळं लिहिलं अन् हेच सोडलं. मोठ्या मनाचा आहेस, बापा."

"पानं संपली," रजत म्हणाला.

"दुसरी आवृत्ती काढू नको."

संध्याकाळी मंडप सोडायला सुरुवात झाली, तेव्हा आबाजी रजतच्या शेजारी येऊन बसले.

"आता खरं सांग. तुले हे सगळं कोणं सांगतलं?"

रजतने मोबाइलवर रॉकफेलरचा फोटो काढून दिला. आबाजींनी दोन बोटांनी तो मोठा केला. बसलेले गाल, उंच टोपी, पातळ ओठ.

"हा तेलवाला?"

"हो."

"यानंही डबे उचलले?"

"पिंपं."

"अन् दुसऱ्याच्या मिला? गुपचूप?"

"पुष्कळ घेतल्या."

आबाजींनी फाटकाकडे पाहिलं. कोंबड्या परत येऊन आपापल्या जागी बसत होत्या.

"अन् घेतलेल्या मिलमधल्या मशिनी? त्या चालल्या?"

रजतने कोंबड्यांकडे पाहणं टाळलं. "चालल्या असतीन, आबाजी."

"हं," आबाजी म्हणाले आणि त्यांनी मोबाइल परत दिला. "म्हणून मोठा झाला."