एकोणसत्तर गिगाबाइटची चौकशी

कोणत्याही कार्यालयाचा पाया सचोटी नसून मोजणी हा असतो, कारण सचोटी लिहायला रजिस्टरमध्ये रकाना नसतो. जुने नकाशे जपणाऱ्या त्या कार्यालयात हे तत्त्व इतकं मुरलेलं होतं, की टाचण्यासुद्धा वर्षातून दोनदा मोजल्या जात. मोजायचे भांडारपाल. सगळे त्यांना काका म्हणत आणि जरा घाबरून असत. एकतीस वर्षांत त्यांच्या भांडारातून एक टाचणी कमी झाली नव्हती. (एकदा तीन जास्त भरल्या होत्या. त्यांचा खुलासा त्यांनी स्वतःहून दिला होता.)

काकांच्या निवृत्तीला महिना उरला होता. मुलीचे दिवस भरत आले होते, काकूंनी पिशव्या भरून दारात ठेवल्या होत्या, आणि काकांना हवा होता फक्त 'भांडार पूर्ण भरले' असा दाखला. तो मिळाला की पहिल्या गाडीने मुलीकडे जायचं ठरलं होतं. तेवढ्यात शेवटच्या तपासणीत घोळ झाला. नकाशे साठवायला आणलेल्या डिस्कच्या खोक्यावर एक हजार गिगाबाइट लिहिलं होतं, रजिस्टरमध्ये एक हजार गिगाबाइट जमा होते, आणि डिस्क यंत्राला जोडली तर पडद्यावर नऊशे एकतीस. एकोणसत्तर गिगाबाइट गायब! त्यापायी एक नदी आणि साडेतीन डोंगर डिस्कबाहेर राहिले होते.

 काकांनी डिस्क काढून पुन्हा जोडली, कपाटाच्या मागे हात घालून पाहिला आणि टेबलाखालीही वाकून पाहिलं.

प्रकरण गंभीर असल्याने ते सोडवण्याऐवजी त्यावर समिती नेमण्यात आली. पाच सदस्य होते, पाचही वरिष्ठ आणि पाचही कामसू. समितीने पहिल्याच आठवड्यात डिस्कचं वजन केलं. ते खोक्यावर लिहिलं होतं तेवढंच भरलं. यावरून असा निष्कर्ष निघाला की गहाळ झालेल्या गिगाबाइटना वजन नसतं, सबब ते खिशातून नेणं सहज शक्य आहे. मग भांडाराची झडती झाली. त्यात एक छत्री, अध्यक्षांचा चार वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा आणि अर्धा डबा खडू सापडले. गिगाबाइट एकही नाही.

दुसऱ्या आठवड्यात संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईंची साक्ष झाली.

"काही हरवलेलं नाही," बाई म्हणाल्या. "कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते. यंत्र दर पायरीला एक हजार चोवीसच्या हिशेबाने मोजतं."

"मग चोवीस जास्त भरायला हवेत," अध्यक्ष म्हणाले. "कमी कसे भरले?"

"माप मोठं आहे ना, साहेब. तेच तांदूळ मोठ्या मापाने मोजले तर मापं कमीच भरणार."

"माप मोठं कोणी केलं?"

"यंत्राने."

"यंत्राची सही आहे कुठे?"

सही नव्हती. साक्ष फेटाळण्यात आली. मात्र बाईंना चहा देण्यात आला, याची नोंद इतिवृत्तात आहे.

तिसऱ्या आठवड्यात समितीने व्यवहारी मार्ग काढला. एकोणसत्तर कमी आहेत ना, मग तेवढे आणा. तेवढ्याच मापाची वस्तू बाजारात मिळेना, म्हणून चौसष्टची पेनड्राइव्ह आणली. रजिस्टरमध्ये चौसष्ट जमा झाले, आणि ती जोडली तर साडेएकोणसाठ. तूट भरून काढायला गेल्यामुळे तूट त्र्याहत्तरवर गेली. आणखी एक आणावी असा ठराव आला, पण एका सदस्याने कागदावर आकडेमोड केली आणि तो मागे घ्यायला लावला.

घरून रोज फोन यायचा.

"अहो, सापडले का तुमचे ते?" काकूंनी एकदा विचारलं. "नसतील तर शेजारी मागून बघू का? त्यांच्या मुलाकडे असतात म्हणे."

काकांना हसू आलं नाही. एकतीस वर्षं टाचण्या मोजून शेवटी चोर ठरायचं, या विचाराने त्यांचं जेवणातलं लक्ष उडालं होतं. एक सदस्य आपुलकीने म्हणाला, "काका, 'सापडले' असं लिहून टाका आणि सही करा. कोण बघतंय?" काका म्हणाले, "मी बघतोय ना."

चौथ्या आठवड्यात काकांनी डिस्कचं रिकामं खोकं काढलं. (ते अर्थातच जपून ठेवलेलं होतं, क्रमांकासह.) आत घडी घातलेलं एक पत्रक होतं, अठरा भाषांतलं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचं. नकाशांवरची गावं वाचायचं मोठं भिंग घेऊन काका दोन दिवस वाचत बसले. लोक दारातून डोकावून हसून गेले. सातव्या घडीवर ते वाक्य सापडलं: 'एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट. यंत्रावर दिसणारी जागा याहून कमी असेल.'

मग काकांनी खरेदीची फाइल काढली. डिस्क स्वीकारतानाच्या कागदावर छापलं होतं, 'सोबतचे पत्रक पूर्ण वाचले, समजले, मान्य आहे.' खाली पाच सह्या होत्या, समितीच्याच पाच जणांच्या. सहावी सही काकांची, आणि तिच्यापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात शेरा: 'खोके एक, मोजून घेतले. पत्रक वाचले नाही. अक्षर दिसत नाही.'

काकांनी दोन्ही कागद समितीपुढे ठेवले. 

"साहेब, आपल्या सर्वांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, असं फाइल म्हणते. मग महिनाभर मला का विचारलंत?"

अध्यक्षांनी चष्मा लावून पाचही सह्या तपासल्या. त्यानंतर दाखला अकरा मिनिटांत निघाला. (या कार्यालयाचा आधीचा विक्रम साडेचार महिन्यांचा होता.) काका त्याच संध्याकाळच्या गाडीने गेले आणि नात जन्मली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर काकूंशेजारी हजर होते. तिचं वजन त्यांनी दोनदा करायला लावलं.

समिती तेवढी बदनाम झाली. वास्तविक त्या पाच जणांचा दोष तो काय? आपला फोन नवा होता तेव्हा त्यानेही एक लांबलचक मजकूर पुढे केला होता, आणि खाली विचारलं होतं, वाचलंत का, मान्य आहे का. आपण 'मान्य आहे' दाबलंत. त्याला किती वेळ लागला, याची नोंद फोनमध्ये आहे. ती ठेवायलाही आपण तेव्हाच मान्यता दिलेली आहे.