बोळक्याची चाचणी

"उद्या न्याहारीच्या वेळी येते," सासूबाईंनी फोनवर बजावलं. "माझ्या डोळ्यांदेखत चार घास खाल्ले तर राहू दे तुमच्याकडे. नाहीतर मुंगळ्याला मी घेऊन जाणार. लेकरू वाळून चाललंय आणि तुम्ही दोघं घड्याळं बघताय!"

मुंगळा म्हणजे आठ महिन्यांचा नातू. एकदा बापाच्या शर्टाला चिकटला की सुटायचा नाही, म्हणून हे नाव. बाप लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता आणि सगळी इमारत त्याला मेकॅनिकच म्हणायची. बायको सकाळी कामावर जायची, हा दुपारी, त्यामुळे पोरापाशी कायम कोणीतरी असायचंच. आखणी चोख होती. घोडं पेंड खात होतं ते मुंगळ्याच्या तोंडाशी. चमचा दिसला की ते तोंड मिटायचं आणि मग ब्रह्मदेव आला तरी उघडायचं नाही. कुस्करलेला बटाटा, गाजर, सफरचंद असं सगळं आजवर मुंगळ्यापेक्षा भिंतीनेच जास्त खाल्लं होतं.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी उपाय सांगितला होता. "चमच्याचा नाद सोडा. अंडं त्याला चाललंय ना? मग पाव अंड्यात बुडवा, आतपर्यंत नीट शिजवा आणि बोटाएवढ्या पट्ट्या कापून त्याच्याच हातात द्या. मीठ नको, मध नको. समोर बसून राहा. आणि पट्टी अशी मऊ हवी की नुसत्या हिरड्यांनी चिरडता आली पाहिजे."

'नुसत्या हिरड्यांनी' हे शब्द मेकॅनिकच्या डोक्यात रुतून बसले. त्याच्या धंद्यात एक नियम होता. दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये आधी वाळूची पोती चढवायची, वरखाली फिरवायची आणि मगच माणसं सोडायची. चाचणी न करता त्याने आजवर साधं बटणसुद्धा कोणाच्या हवाली केलं नव्हतं. मग इथे तर पोटचं पोर! सकाळी पहिली पट्टी तयार झाल्यावर त्याने ओठ दातांवर दुमडून ती चावून पाहिली. पण तोंडात बत्तीस दात हजर असताना हिरड्यांची साक्ष कशी काढायची? इथे पोतं हवं होतं. बिनदाताचं पोतं.

आणि ते पोतं शेजारच्याच घरात होतं.

शेजारी निवृत्त मुख्याध्यापक राहायचे. मास्तरांचं हसणं झळझळीत होतं, पण त्यामागचं गुपित एकट्या मेकॅनिकला ठाऊक होतं. मागे एकदा लिफ्टच्या दारात मास्तरांना जोराची शिंक आली आणि कवळी फटीतून थेट खाली खड्ड्यात गेली. मेकॅनिकने ती काढून, धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून गुपचूप परत केली होती. त्या उपकाराच्या जोरावर त्याने आता बेल वाजवली.

"काढून?" मास्तर दचकले. "कवळी काढून खायचं?"

"मास्तर, माझं पोर जातंय हो घरातून. तुमच्याशिवाय कोणाकडे जाऊ?"

मास्तर विरघळले. येऊन टेबलाशी बसले, पाठ फिरवून कवळी काढली आणि पाण्याच्या वाटीत ठेवली. समोर उंच खुर्चीत मुंगळा कमरेच्या पट्ट्यात अडकून बसला होता. त्याने मास्तरांचं बोळकं पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या जातीचं माणूस भेटल्यासारखा खुदकन हसला.

"पहिली खेप," मेकॅनिक बशी ठेवत म्हणाला.

"कडा कडक," मास्तरांनी निकाल दिला. दात नसल्याने शब्द सुटून बाहेर पडत होते, पण अर्थ लागत होता. "नापास."

दुसऱ्या खेपेत कडा कापून टाकल्या. "टाळूला चिकटतंय. पुन्हा बसा परीक्षेला." तिसऱ्या खेपेत लोणी घालून, आच मंद करून, झाकण ठेवून केलं. मास्तरांनी डोळे मिटले. तोंड गोल गोल फिरू लागलं, गाल आत गेले, बाहेर आले. "उत्तीर्ण! विशेष प्रावीण्यासह!"

आणि तेवढ्यात चमत्कार झाला. मास्तरांच्या तोंडाकडे टक लावून बघणाऱ्या मुंगळ्याने बशीतली एक पट्टी उचलली, तोंडात कोंबली आणि मास्तरांसारखेच गाल आतबाहेर करत ती साफ गिळली. मग दुसरी!

"खाल्ली! मास्तर, खाल्ली!" मेकॅनिक झारा हातात घेऊन स्वयंपाकघरभर नाचला. नाचता नाचता त्याने बायकोला फोन लावला, तो तिने उचलला नाही, म्हणून पुन्हा नाचला. नाच संपवून पाहतो तर बशी रिकामी.

"एवढ्या सगळ्या मुंगळ्याने खाल्ल्या?"

"त्याने दोनच," मास्तर ओशाळले. "बाकीच्यांची फेरतपासणी करावी म्हटलं."

घरातली अंडी संपली होती. "माझ्याकडे आहेत, आणतो," म्हणत मास्तर तोंडावर रुमाल धरून पळाले. मेकॅनिकने तवा पुसायला जेमतेम पाठ वळवली, आणि मुंगळ्याने हात लांबवून वाटी ओढली. पाणी सांडलं. त्याने ऐवज वर उचलून उजेडात धरला. त्याच क्षणी उघड्या दारातून सासूबाई आत आल्या.

नातवाच्या मुठीत वरचे आणि खालचे मिळून सगळे दात होते.

"अगं बाई!" सासूबाईंच्या हातातली पिशवी गळून पडली. "हे काय भरवताय पोराला?"

"हे माझे नाहीत," मेकॅनिक बोलून गेला.

"मग कोणाचे? आणि त्या माणसाचं काय केलंत?"

तो माणूस दोन्ही हातांत अंडी घेऊन दारात उभा होता. परक्या बाई पाहताच मास्तरांचे ओठ मिटले. मेकॅनिकने कवळी हिसकावून, खसखसून धुऊन त्यांना दिली, मुंगळ्याने भोकाड पसरलं आणि मास्तर पडद्याआड जाऊन सुशिक्षित चेहऱ्याने परत आले.

सासूबाई खुर्ची ओढून समोरच बसल्या. त्या वयातही त्यांचे दात एका ओळीत होते आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. "करा आता माझ्यासमोर."

मेकॅनिकने जीव ओतून पट्ट्या केल्या. सोनेरी, मऊ, वाफाळत्या. फुंकर घालून गार केल्या आणि मुंगळ्यापुढे ठेवल्या. मुंगळ्याने पट्टीकडे पाहिलं, मास्तरांच्या दातांनी भरल्या तोंडाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

"आत्ता खात होता, आई! मास्तरांना विचारा! मास्तर, काढा ना जरा."

"बाईमाणसासमोर?" मास्तर लाल झाले. "तीस वर्षं प्रार्थनेला उभा राहिलोय मी मुलांपुढे. माझी अब्रू आहे. क्षमा करा."

सासूबाईंनी पिशवी उचलली. मेकॅनिकचा चेहरा पडला. दुपारी कामावर जाताना शर्टाला चिकटायला कोणी नसेल, या एका विचाराने त्याला गलबलून आलं. "आई, न्या तुम्ही," तो कसाबसा म्हणाला. "उपाशी राहण्यापेक्षा बरं. पण त्याला समोर बोळकं लागतं. ते बघून खातो तो. एवढं लक्षात ठेवा."

सासूबाई थबकल्या. त्यांनी जावयाकडे नीट पाहिलं, मग नातवाकडे. मग पिशवी खाली ठेवली.

"मास्तर, भिंतीकडे तोंड करा."

"मी?"

"करा म्हणते ना!"

सगळी शाळा हादरवणारे मास्तर निमूट भिंतीकडे वळले. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. बारीकसा टक् आवाज आला. पदर खाली आला तेव्हा मुंगळ्याच्या समोर त्याच्यासारखंच एक गुलाबी बोळकं होतं.

मेकॅनिकच्या हातातला झारा खाली पडला. मुंगळा मात्र टाळ्या पिटून हसला. त्याने एक पट्टी उचलली. आजीनेही उचलली. दोघांचे गाल एका तालात आतबाहेर होऊ लागले. एक झाली, दोन झाल्या, चौथी संपली तरी दोघं थांबेनात.

"लेकीला यातलं अवाक्षर कळलं तर बघा," आजी खाता खाता म्हणाली. "तिच्या बाबांनासुद्धा माहीत नाहीये."

"नाही कळणार, आई."

"मी वळू का?" भिंतीकडून आवाज आला.

"नाही!" दोघं एकदम ओरडले.

सासूबाईंनी बशीतली शेवटची पट्टी नातवाच्या आधी पटकावली, सावकाश घोळवून खाल्ली आणि समाधानाने ओठ पुसले. गेल्या कित्येक वर्षांत इतक्या बिनघोर त्या कोणासमोर जेवल्या नव्हत्या.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "उद्या किती वाजता करता?"