टिटवीचं जांभूळ

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती. तिच्याकडे कुणी बघत नसे, कारण ती टीव्हीवर दिसत नसे.

टीव्हीवर दिसे कोल्हा. चकचकीत कोट घालून तो उंच खडकावर ‘सांगा पाहू, जंगल!’ हा कार्यक्रम करी. प्रश्न फार ज्ञानाचे असत. मोराने साखरपुड्याला कोणत्या रंगाचा फेटा बांधला? वानरनायिकेने परवा कुणाला अनफॉलो केलं?

यंदा बक्षीस होतं त्याच खडकावर कायमचं घरटं.

हे ऐकून वाळूत राहणाऱ्या टिटवीची झोप उडाली. दरवर्षी नदी वाढे आणि तिची अंडी वाहून जात. खडकावर पाणी चढत नसे.

“यंदा पिल्लं बघायचीच,” ती टिटव्याला म्हणाली. “तुम्ही अंडी सांभाळा, मी अभ्यास करते.”

ती दिवसभर कावळ्याच्या बातम्या पाठ करू लागली. पूर्वी पाणी वाढलं की ओरडून जंगलाला सावध करायचं काम तिचं होतं. आता तिला सवड नव्हती. ससे म्हणाले, “बरं झालं बाई, मालिकेच्या वेळी कटकट गेली.”

कार्यक्रमाच्या दिवशी टिटवी धडाधड उत्तरं देत शेवटच्या प्रश्नाला पोचली.

“लग्नात लांडोरीने मोराला कोणतं फळ भरवलं?” कोल्ह्याने विचारलं. “बोर, जांभूळ, करवंद की उंबर?”

टिटवी अडली. नेमकी त्या दुपारी ती अंडी उबवत बसली होती.

“घरच्यांना एक हाक मारता येईल,” कोल्हा गोड हसला. “पण प्रश्नाबाहेरचं एक अक्षर बोललात, तर बाद!”

“अहो!” टिटवी ओरडली. “लांडोरीने काय भरवलं?”

“अगं, पाणी आलं!” खालून टिटवा किंचाळला. “अंड्यांपाशी आलं! मला एकट्याला आवरत नाही, धावत ये!”

प्रेक्षक पोट धरून हसले.

टिटवीने नदीकडे पाहिलं. मग पायाखालच्या खडकाकडे. किती उंच. किती कोरडा.

“बोर की जांभूळ,” ती म्हणाली, “तेवढं सांगा!”

टिटव्याला उत्तर ठाऊक होतं. तोही रोज शेजारच्या पाणकोंबडीच्या टीव्हीत डोकं घालून बसे, आज अंडी सांभाळतानाही बसला होता. म्हणून तर पाणी इतकं जवळ आलं.

“जांभूळ! जांभूळ गं! आता तरी ये!”

“जांभूळ,” टिटवी म्हणाली. “लॉक करा.”

उत्तर बरोबर आलं. फुलं उधळली गेली. टिटवी उडत वाळूवर गेली, पण तिथे वाळूच नव्हती.

कावळ्याने आठवडाभर तिचे अश्रू दाखवले, जवळून आणि सावकाश.

पुढच्या वर्षी कोल्ह्याने सुरुवातीला सोपा प्रश्न घेतला. “अंडी वाहून गेली, तेव्हा टिटवी काय म्हणाली?”

“जांभूळ!” सारं जंगल एका सुरात ओरडलं. खडकावरच्या रिकाम्या घरट्यात बसलेली टिटवी तेवढी गप्प होती.

तात्पर्य : मुलांनो, पाणी कुठवर आलं हे कुणी विचारत नाही. जांभूळ मात्र पाठ करून ठेवा, ते पुन्हा येणार आहे.