डोंगर मागे दिसला पाहिजे

मांसल पर्णवनस्पती प्रेमी मंडळाच्या छायाचित्र स्पर्धेची अट एकच होती. फुललेलं झाड आपल्या नैसर्गिक अधिवासात असावं आणि पुरावा म्हणून मागे डोंगर दिसावा. डोंगर काही कुणाला घरी आणता येत नाही, असा मंडळाचा शास्त्रीय विचार होता. झाड डोंगरावर नेता येतं, हा विचार मंडळाने केला नव्हता. तो सभासदांनी केला.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. 'निरीक्षणात पदरचं काही घालू नये' हे वाक्य त्या प्रत्येक वर्गाला पहिल्याच तासाला चष्मा काढून ऐकवत. कुंड्या काखोटीला मारून डोंगर चढणाऱ्या सभासदांना त्या मनसोक्त हसत. यंदा मात्र हसू थांबलं, कारण यंदा त्यांचं झाड फुललं.

झाड कसलं, थोरली बहीण गेली तेव्हा तिच्या खिडकीतून उचलून आणलेलं एक जाडसर पान. त्याला मुळं फुटली, निळसर पानांचा गेंद झाला, पण वर्षानुवर्षं फुलाचं नाव नव्हतं. बाईंचे यजमान त्याला 'मेव्हणी' म्हणत. "मेव्हणीला पाणी घातलंस का?" असं रोज विचारत. बहिणीबद्दल बोलायची घरात तेवढीच एक रीत उरली होती. आणि आता मेव्हणीला नारिंगी घंटांचा तुरा आला होता.

"खिडकीतच काढ की फोटो," यजमान म्हणाले.

"मागे समोरच्यांचे वाळत घातलेले पायजमे येतात."

"येऊ देत. पायजमे तरी नैसर्गिक अधिवासात आहेत."

"अहो, अट आहे तशी."

"तूच म्हणायचीस ना, ते लोक ढोंगी आहेत म्हणून?"

"त्यांची फुलं दुकानातून आणलेली असतात. आपलं खरोखर फुललंय."

हा युक्तिवाद एखाद्या विद्यार्थ्याने केला असता तर बाईंनी त्याला नापास केलं असतं.

डोंगराच्या पायथ्याशी तपासणी नाका होता. वनस्पतींची चोरी होऊ नये म्हणून तिथे एक पहारेकरी बसे. बाईंनी प्रामाणिकपणे पिशवी उघडून कुंडी दाखवली. "हे आमचं घरचं आहे, बरं का. वर नेतोय."

"वर काय न्याल ते न्या," त्याने मान फिरवली. "आपली तपासणी उतरणाऱ्यांची."

माथ्यावर खड्डा खणताना एक खुरटं, बिनफुलाचं रानझुडूप आड आलं. ते फक्त याच डोंगरावर उगवतं, हे बाईंना ठाऊक होतं. त्याचं शास्त्रीय नाव त्यांनी मनातल्या मनात आदराने उच्चारलं आणि ते उपटलं. मेव्हणीला कुंडीतून काढून खड्ड्यात बसवलं. खिडकीच्या उजेडाकडे झुकायची तिची सवय जाईना, म्हणून यजमानांनी तिला एका पानाला धरून सरळ केलं. पानावरची पांढरी साय अंगठ्याएवढी पुसली गेली. (परीक्षकांनी पुढे त्या डागाचं 'सूक्ष्म कीटकखूण' म्हणून कौतुक केलं.) फोटो सुरेख आला. झाड पुन्हा कुंडीत गेलं, कुंडी पिशवीत, आणि दोघं उतरू लागले.

"थांबा," पहारेकरी म्हणाला. "हे कुठून उपटलंत?"

"उपटलं नाही हो! मघाशी दाखवलं ना? आमचं घरचं आहे."

"मी वर जाणाऱ्यांचं बघत नाही."

"अहो, कुंडी तरी बघा," यजमान म्हणाले.

"कुंडी सगळेच आणतात. रिकामी वर न्यायची, भरून खाली आणायची."

इतक्यात मागून कुणीतरी खाकरलं. मंडळाचे चिटणीस उभे होते. त्यांच्याही खांद्याला एक फुगलेली पिशवी होती.

"घरचं आहे का?" त्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं. "मग बाई, मघाशी वर फोटो काढत होतात तो कुणाचा?"

बाईंना प्रमेय स्वच्छ दिसलं. झाड आपलं म्हणावं, तर फोटो खोटा. फोटो खरा म्हणावा, तर झाड डोंगराचं आणि आपण चोर. तर्कशास्त्रात याला पेच म्हणतात. नाक्यावर याला 'रांग अडवणं' म्हणतात.

"अगं, सांग ना त्यांना!" यजमान कळवळून म्हणाले. "मेव्हणी आहे ती माझी!"

पहारेकऱ्याने दचकून पुन्हा पिशवीत डोकावलं.

"डोंगराचं आहे," बाई म्हणाल्या. चष्मा त्यांनी आधीच काढला होता.

"शिकल्यासवरल्या बाया तुम्ही," पहारेकरी हळहळला. "झाडालाही जीव असतो, कळायला नको?" बाईंनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. चिटणिसांनी आपणहून पिशवी पुढे केली. "हेही डोंगराचंच." अनुभवी माणूस!

जप्त केलेली वनस्पती तिच्या मूळ अधिवासात परत लावावी, असा हुकूम होता. पहारेकरी हुकमाचा पक्का. त्याने दोन्ही झाडं वर नेऊन मन लावून रोवली. तिथे आधीच्या सभासदांची झाडंही झकास बहरली होती.

बाईंना पहिलं बक्षीस मिळालं. यजमानांनी सन्मानपत्र खिडकीत ठेवलं आणि विचारलं, "याला पाणी घालायचं का?"

पुढल्या हंगामात त्या माथ्याला 'दुर्मीळ फुलांचं माहेरघर' म्हणून संरक्षण मिळालं. तज्ज्ञ म्हणून मत अर्थातच बाईंचं घेतलं गेलं. ही झाडं मूळची इथलीच, असं त्यांनी कळवलं. दुसरं काय कळवणार? पायवाट फरसबंद झाली, झाडांभोवती दोर आले, लांबलांबून माणसं येऊ लागली.

बाईही गेल्या, एकट्याच. रांगेत उभ्या राहिल्या आणि पाळी आल्यावर दोराशी वाकल्या. मेव्हणी अंगाने भरली होती, नवे तुरे आले होते. बाईंनी हात पुढे केला.

"ओ बाई, हात नका लावू!" पहारेकरी ओरडला. "तुमच्या घरचं आहे का?"

बाईंनी हात मागे घेतला, पण पाय निघेना. त्या नुसत्याच बघत राहिल्या. रांग खोळंबली. तेव्हा मागून, फोन हातात धरून, तुम्ही म्हणालात, "अहो, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

बाई बाजूला झाल्या. तुमचा फोटो छान आला. अगदी नैसर्गिक.