पोटात गेलेला आरसा

शिंपीमास्तरांनी दुकानात नवा आरसा बसवला आणि गिऱ्हाइकं जाड व्हायला लागली.

सुरुवात वकिलांनी केली. नवा कोट घालून ते आरशासमोर गेले आणि दचकलेच. "मास्तर, मी एवढा सुटलोय? सैल करा, सैल!"

मास्तरांनी सैल केला. आठवड्याने वकील तणतणत परतले. "न्यायाधीशांनी विचारलं, कोटात तुमच्याबरोबर आणखी कोण आहे?"

मास्तरांनी आरशावर पट्टी आडवी धरली. दोन्ही कडा टेकल्या. मध्ये बोट जाईल एवढी फट. मधले स्क्रू त्यांनी जरा जास्तच पिळले होते. प्लास्टिकचा तो आरसा पोटात गेला होता आणि जवळ येईल त्याला आडवा फुगवत होता.

स्क्रूड्रायव्हर घेऊन ते वळले, तर दारात डबा घेऊन बायको. मोठ्या दुखण्यातून उठलेली. पार रया गेली होती तिची. घरातल्या आरशावर तिने टॉवेल टाकून ठेवला होता, आणि जेवण म्हणजे दोन घास. आज ती आरशासमोर थबकली. गालाला हात लावला.

"अहो, मी जरा भरलेय का हो?"

मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर खिशात सरकवला. "मग! मी काय म्हणत होतो?"

त्या दुपारी तिने अर्धा डबा फस्त केला. मग ते रोजचंच झालं. ती यायची, आरशात बघायची, पोटभर जेवायची. गिऱ्हाईक आलं की मास्तर आरशावर चादर टाकायचे. "माझ्या नजरेवर विश्वास ठेवा," म्हणायचे. गिऱ्हाइकं काही ठेवत नव्हती. एकेक करून पलीकडच्या गल्लीत जाऊ लागली.

एका दुपारी रिकाम्या दुकानाकडे बघून ती म्हणाली, "आता सरळ करा तो आरसा."

मास्तर चपापले. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवसापासून. माझ्यामागे तुम्ही उभे होतात. तुमच्यासारखी काडी त्यात पैलवान दिसत होती, मग माझं काय ते कळलंच."

"मग रोज येऊन जेवायचीस कशाला?"

"माझ्यापायी कुणी धंदा बुडवायला निघालंय. त्याच्यासमोर ताट बाजूला कसं सारू?"

गळ्यातली टेप काढून मास्तरांनी तिच्या दंडाभोवती धरली. आकडा बघितला. डोळे पुसून पुन्हा बघितला.

"अगं," ते म्हणाले, "तू खरंच भरलीयस."