मीरासाबचाचांची जादा पावडर

"मशीनला काय कळतंय पाण्यातलं!" मीरासाबचाचा पारावर छाती ठोकून सांगायचे. "अठ्ठावीस वर्षं टाकीत पावडर टाकली. बिद्रीपातूर विचारा, आमच्या गावात एकाला जुलाब झाला असंल तर मिशी उतरवतो!"

पण ऐकायला होतं कोण? दोन शेळ्या! चाचा पंचायतीच्या पाण्याच्या नोकरीतून रिटायर झाले, मेहमुदाचाची गेली, आणि दोन वर्षांत त्यांच्या दारात परक्या चपलेचा जोड दिसला नाही. कुणीतरी यावं, कपभर चहा घ्यावा, एवढीच त्या माणसाची आस.

त्यात पंचायतीनं टाकीवर क्लोरीन सोडणारं मशीन बसवलं. टाकीची जुनी किल्ली मागायलासुद्धा कुणी आलं नाही! सोमवारी सकाळी चाचा चढले टाकीवर, बादलीत पावडर कालवली आणि वरची निवळी दिली ओतून. मशीननं आपलं काम आधीच चोख केलं होतं.

तासाभरात अंगणात ही गर्दी! पाण्याचं काही बिघडलं की गावाला अजून चाचाच आठवायचे.

"चाचा, चहाला दवाखान्याचा वास मारतोय!" बाळाबाई ओरडली.

"आंघोळ केली तर माझी म्हस मला वळखंना!" शंकरप्पा कावला.

दुसरा असता तर मागच्या दारानं पळाला असता. चाचा चपला मोजत होते. चौदा जोड! "या की! उभ्यानं भांडू नये, बसा." मेहमुदाचाचीचे ठेवणीतले सहा कप निघाले. आनंदाच्या भरात चहा केला, तोही नळाच्याच पाण्याचा! पहिला घोट सरपंच अमरसिंहांनी घेतला आणि तिथंच थुंकला.

सरपंचांनी तपासणीच्या बाटलीतले दोन थेंब पाण्यात टाकले. फिकट पिवळं व्हायचं पाणी, झालं नारिंगी, म्हणजे क्लोरीन जादा!

"चाचा, तुमीबी टाकली व्हय?"

"व्हय. हाताला राहवंना बघा."

"किल्ली द्या."

किल्ली गेली, मागोमाग माणसंही निघाली.

"पाणी उघडं ठेवलं की वास उडतोय!" चाचा मागनं ओरडले. "सांजच्याला या, फक्कड चहा करतो!"

"येतो की!" जाता जाता कुणीतरी म्हणालं.

चाचांनी दिवसभर पाण्याचं पातेलं उघडं ठेवून राखण केली. सांजेला हुंगून बघितलं. वास पार गेला होता. सहा कप मांडले, चहा ओतला. तेवढ्यात कडी वाजली. दारात बाळाबाई!

"सरपंचांची थेंबाची बाटली हितंच ऱ्हायली जणू."

"ही घे. ये, बस की. चहा..."

"आत्ताच झाला की, चाचा!"

चहा फेकायचा नाही, हा मेहमुदाचाचीचा दंडक. सहाच्या सहा कप चाचांनी एकट्यानं संपवले. चहा लई झकास झाला होता. पण सांगायचं कुणाला?